त्या वारली प्रमुखाचं नाव काय होतं?

पोस्ट लांब आहे. रेंज असेल तिथं उभं राहून वाचा, नाहीतर सेव्ह करून ठेवा आणि रात्री वाचा.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. दाभोशात संध्याकाळपासून लाईट नव्हती. ओट्यावर आम्ही सहा-सात जण बसलो होतो. पुतण्याने मोबाईलवर एका ॲपवरची मालिका लावली. व्हिडिओ नाही, नुसता आवाज. आपल्या लहानपणी रेडिओवर श्रुतिका लागायच्या तसाच प्रकार, फक्त आता मोबाईलवर आणि ऐंशी-नव्वद भागांचा. गोष्ट अशी की पुण्यातला एक इंजिनिअर पोरगा कालयंत्र बनवतो आणि थेट शिवकाळात पोचतो. घोड्यांच्या टापा, तलवारींचा खणखणाट, मागे जोरदार संगीत. ऐकायला मजा येते, खोटं कशाला बोलू. आम्ही ओळीने पाच भाग ऐकले.

सहाव्या भागात हा हिरो सुरतेकडे निघालेल्या फौजेबरोबर जव्हारच्या रानात शिरतो. आमचे सगळ्यांचे कान टवकारले. आता आपलं गाव येणार! आलं ते असं: रानातून दोन माणसं पुढे येतात, घाबरत घाबरत म्हणतात, "जी सरकार, वाट दावतो सरकार," आणि वाट दाखवून गायब. दोन मिनिटांचा प्रवेश. नाव नाही, गाव नाही.

आजी कोपऱ्यात पडून ऐकत होती. ती म्हणाली, "यो कोण बोलतं? आपल्यात असा कोण बोलतं?"

पुतण्या आठवीत आहे. त्याने विचारलं, "काका, हा एवढ्या मागं गेला, सगळ्यांना भेटला. मग त्या दोघांची नावं का नाय विचारली?"

मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे, म्हणून ही पोस्ट.

माझं म्हणणं थोडक्यात असं. जव्हार-मोखाड्याने स्वतःची कालप्रवासाची श्रुतिका करायला हवी. आपल्या जागा, आपली माणसं, आपली बोली आणि आपले आवाज घेऊन. आणि ती लवकर करायला हवी, कारण तिच्यासाठी लागणारा माल दर पावसाळ्यात कमी होतोय. माल म्हणजे आपली म्हातारी माणसं.

मराठीत कालप्रवास नवीन नाही. या विषयावर बोलायचं तर जयंत नारळीकरांचं नाव आधी घ्यायला हवं. २० मे २०२५ ला ते गेले. त्यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा अनेकांना माहीत असेल. तिचा इंग्रजी अवतार एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात धडा म्हणून घेतला गेला. त्यात इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका वेगळ्याच भारतात जाऊन पोचतात. तिथं १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर विश्वासरावांना लागलेली गोळी लागलेलीच नाही. ती नुसती चाटून गेली, आणि पुढचा सगळा इतिहास वळला. गंगाधरपंत घाबरून पळत नाहीत, ग्रंथालय गाठतात आणि पुस्तकांतून शोधतात की नेमकं कुठं काय वेगळं घडलं. मला ही कथा याच कारणाने आवडते. दुसऱ्या काळात गेलेला माणूस तिथं तलवार काढत नाही, चौकशी करतो.

पण दाभोशात बसून ती कथा आठवली की एक प्रश्न पडतो. समजा विश्वासराव वाचले. पुणं बदललं, मुंबई बदलली, दिल्ली बदलली. दाभोशात काय बदललं असतं? इथं वेठबिगारी कोणाच्या नावाने चालली असती एवढंच ना? नारळीकरांवर ही टीका नाही. त्यांनी त्यांच्या पानिपताचा प्रश्न विचारला. आपल्या पानिपताचा प्रश्न आपणच विचारायला हवा.

आणि आपल्याकडे विचारण्यासारखे प्रश्न भरपूर आहेत. तीन सांगतो.

पहिला, १३४३. इंग्रजांनी १८८२ मध्ये छापलेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये जव्हारची गोष्ट आहे. आपल्याकडे लहान पोरालाही ती थोडीफार माहीत असते. जव्हार एका वारली प्रमुखाच्या ताब्यात होतं. त्याच्याकडे जयबा मुकणे, ज्याला पौपेरा म्हणत, हा कोळी सरदार आला आणि बैलाच्या कातड्यात मावेल एवढी जमीन मागितली. वारली प्रमुख हो म्हणाला. मग कातड्याच्या बारीक पट्ट्या कापल्या, त्या एकमेकींना जोडल्या आणि भलंमोठं रान त्यात घेरलं. पुढे त्याच्या मुलाला दिल्लीच्या सुलतानाने राजा म्हणून मान्यता दिली. ती तारीख ५ जून १३४३. या तारखेला एवढं महत्त्व की जव्हार संस्थानाने तिथून स्वतःची कालगणना धरली.

आता हे जरा थांबून बघा. कातड्याची गोष्ट जशीच्या तशी आफ्रिकेतल्या कार्थेज शहराबद्दल, तिथल्या डायडो राणीबद्दल सांगतात. म्हणजे ती घडली की फिरत फिरत आपल्याकडे आली, हा वेगळा विषय. पण आपल्या गोष्टीत जमीन घेणाऱ्याचं नाव आहे. त्याच्या मुलाचं नाव आहे. सुलतानाचं आहे. तारीखसुद्धा आहे. ज्याची जमीन गेली त्याचं नाव कुठंच नाही. "एक वारली प्रमुख." बस्स.

माझ्या श्रुतिकेतली मुलगी (हो, मुलगीच, दहावीतली, आश्रमशाळेतली) १३४३ च्या आधी जाईल ती फक्त एवढ्यासाठी. काही बदलायला नाही. त्याच्या ओट्यावर बसायचं, नागलीची भाकर खायची आणि विचारायचं, बाबा, तुमचं नाव काय? भाकरीबरोबर मिरचीची चटणी मिळणार नाही बरं का. मिरची पोर्तुगीजांच्या काळात आली, तेव्हा इथं नव्हती. असे बारकावे हीच अशा गोष्टीतली खरी गंमत. तो काय नाव सांगेल ते मी आत्ता लिहिणार नाही. ते आपण सगळ्यांनी मिळून ठरवावं असं मला वाटतं.

इथं एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर कॉमेंटमध्ये भांडण सुरू होईल. हे कोळी विरुद्ध वारली असं प्रकरण नाही. आज आपण सगळे एकाच टँकरच्या रांगेत आहोत. मुकणे राजांचा इतिहास हाही आपलाच इतिहास आहे, आणि आदिवासी राजघराणं सहाशे वर्षं टिकलं याचा मला अभिमानच आहे. पण एकाचं नाव सांगताना दुसऱ्याचं गाळायचं कारण नाही.

दुसरा प्रश्न, शिरपामाळ. जव्हारला येणारा पर्यटक तिथं फोटो काढून जातो. १६६४ च्या सुरत स्वारीला जाताना शिवाजी महाराज तिथं थांबले, राजे विक्रमशहांनी स्वागत केलं आणि मानाचा शिरपेच दिला, म्हणून शिरपामाळ, अशी आपल्याकडची सांगी. गोष्ट इथं संपते. पण इतिहास इथं संपत नाही. आठच वर्षांनी, १६७२ च्या जूनमध्ये, मोरोपंत पिंगळ्यांच्या फौजेने जव्हार घेतलं. राजे तेच, विक्रमशहा.

आता विचार करा. आपली ती मुलगी शिरपामाळावर उभी आहे. समोर दोन राजे भेटतायत, ढोल वाजतायत, सगळे खुश. आणि गर्दीत तिला एकटीला माहीत आहे की आठ वर्षांनी काय होणार आहे. ती सांगेल का? कोणाला सांगेल? सांगून कोण ऐकेल? आणि तिचे स्वतःचे मन कोणाच्या बाजूने? महाराज तिचेही आहेत, जव्हारही तिचंच आहे. यात कोणी खलनायक नाही. राज्यं अशीच वाढतात आणि लहान राज्यं अशीच मधे सापडतात. ॲपवरच्या त्या मालिकेला हे सगळं हाताशी असताना त्यांनी दोन मिनिटांत वाट दाखवून घेतली आणि पुढे गेले. मला राग आला तो याचा.

तिसरा, १० ऑक्टोबर १९४५, तलवाडा. हा आपल्या जिल्ह्यातला सगळ्यात जवळचा आणि सगळ्यात दुखरा. वेठबिगारी आणि लग्नगडीच्या विरोधात वारली उठले होते. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' मध्ये सगळं लिहून ठेवलंय. जमीनदारांच्या बाजूने खोटा निरोप फिरवला गेला की सभा आहे, सगळ्यांनी तलवाड्याला या. लोक हजारोंनी जमले. तिकडे पोलिसांना सांगितलं गेलं की हे दंगा करायला जमलेत. गोळीबार झाला. पाच जण गेले. जेठ्या गांगड हे नाव आपण आजही घेतो.

कालप्रवासाच्या गोष्टीसाठी याहून कठीण जागा मला दिसत नाही. कारण इथं मागे गेलेल्या माणसाला एकच वाक्य सांगायचं आहे, "निरोप खोटा आहे, घरी जा." आणि तेच वाक्य कोणी ऐकणार नाही, कारण सांगणारी अनोळखी आहे आणि निरोप ओळखीच्या तोंडून आलाय. हे जुनं आहे का? खोटा निरोप रात्रीतून गावोगाव पोचला की काय होतं ते २०२० च्या एप्रिलमध्ये गडचिंचल्याला आपण पाहिलं. तीन जीव गेले आणि अख्ख्या जिल्ह्याच्या कपाळी डाग लागला. निरोप आला की आधी विचारायचं, कोणी दिला, कशावरून. हे शंभर भाषणांनी शिकवता येत नाही ते एका चांगल्या प्रवेशाने शिकवता येईल.

आता कोणी म्हणेल, मग सिनेमा करा, वेबसिरीज करा, आवाजाचंच नाटक का?

एक तर पैसा. १६६४ चं जव्हार पडद्यावर उभं करायचं तर कोट्यवधी लागतात. आवाजात ते उभं करायला जातं लागतं, उखळ-मुसळ लागतं, बैलांच्या घुंगरांचा आवाज लागतो. हे सगळं अजून घराघरांत आहे. मोटरसायकलचा आवाज बंद झाला, पिठाच्या गिरणीचा फटफट आवाज बंद झाला, जात्याची घरघर सुरू झाली, की ऐकणारा आपोआप मागच्या काळात जातो. आणि दाभोशाचा धबधबा. श्रावणात तो जसा कोसळतो तसाच १३४३ ला कोसळत असणार. दोन्ही काळांत सारखा असलेला तो एकच आवाज. मुलगी त्याच्या मागून आत जाईल आणि बाहेर येईल. वेगळं यंत्र कशाला पाहिजे?

दुसरं, आपण ऐकणारी माणसं आहोत. आपली गोष्ट लिहिलेली कमी आणि सांगितलेली जास्त. बोहाड्यात रात्रभर मुखवटे घालून देव आणि राक्षस गावातून नाचत जातात, संबळ वाजत असतो. त्या रात्री पाड्यावर कोणता काळ चालू असतो ते सांगा बघू. आपल्याला कालप्रवास शिकवायला कोणी पुण्याहून यायला नको.

तिसरं, हे चालतं याचा पुरावा आहे. आकाशवाणी मुंबईवरचे पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावोजी आपल्या वडीलधाऱ्यांना अजून आठवतात, आणि त्यांना कोणी पाहिलेलं नव्हतं. कोलकात्यात एका खासगी एफएमने २००९ पासून रविवारी बंगाली कथांची श्रुती-नाट्यं सुरू केली. 'संडे सस्पेन्स' नावाने ती आजही लोक लाखोंनी ऐकतात, त्यात सत्यजित राय यांच्या प्रोफेसर शोंकूच्या विज्ञानकथासुद्धा आल्या. इंग्लंडात 'डॉक्टर हू' या कालप्रवासी पात्राची आवाजी नाटकं १९९९ पासून निघतायत. आपल्याकडे साताऱ्यातल्या म्हसवडला बायकांनी चालवलेलं 'माणदेशी तरंग' हे सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. २००६ पासून सरकारच्या धोरणात संस्थांनाही असं केंद्र चालवायची परवानगी मिळते. शंभर वॅटचं केंद्र, पल्ला दहा-पंधरा किलोमीटर. आपल्या दऱ्याखोऱ्यांत तो कमी भरेल, पण जव्हारच्या आसपासचे पाडे तरी येतील. आणि रेडिओ नसेल तर मेमरी कार्ड आहेच. गाणी जशी या मोबाईलमधून त्या मोबाईलमध्ये जातात तशी श्रुतिकाही जाईल. भिवंडीला, वसईला, वीटभट्टीवर गेलेल्या माणसांपर्यंत पोचेल.

आता विरोधातले मुद्दे. मला दोन जणांनी तोंडावर सांगितलेले.

"रस्ता नाही, पाणी नाही, पोरं कुपोषित, आणि तुला नाटक सुचतंय?" रागावलो नाही, कारण मुद्दा खरा आहे. १९९२-९३ ला आपल्या वावर-वांगणीत शंभरावर बालकं गेली. त्यानंतर मंत्री आले, गाड्या आल्या, योजना आल्या. पण त्या बालकांच्या आयांचं म्हणणं त्यांच्या शब्दांत कुठं ऐकायला मिळतं? आकडे मिळतात. आकड्याला आवाज नसतो, म्हणून तो विसरायला सोपा जातो. ज्या माणसांचा आवाज कोणी ऐकलेला नाही त्यांच्या पाण्याचा प्रश्नही शेवटी ढकलला जातो. रस्ता आणि नाटक यात निवड करा असं कोणीच म्हणत नाहीये. सभेला जाणारा माणूसच रात्री श्रुतिका ऐकेल.

"इतिहासाशी खेळ कराल आणि गावात भांडणं लावाल." हा मुद्दा जास्त गंभीर आहे. म्हणून माझ्या मते काही नियम आधीच ठरवावेत.

एक. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला निवेदकाने तीन गोष्टी वेगळ्या करून सांगायच्या: कागदावर काय आहे, लोक काय सांगतात आणि आम्ही काय रचलंय. शिरपेच दुसऱ्यात, १६७२ पहिल्यात, आपली मुलगी तिसऱ्यात.

दोन. मेलेला माणूस वाचवायचा नाही. तलवाड्याची गोळी चुकवायची नाही. ती चुकवली तर ज्यांच्या घरातला माणूस गेला त्यांच्या दुःखाची चेष्टा होते.

तीन. प्रसारित करायच्या आधी त्या त्या गावात बसून वाचून दाखवायचं. कोणी म्हणालं की हे असं नव्हतं, तर ते लिहून घ्यायचं.

चार. बोली खरी. वारली माणूस वारलीत बोलेल, कोकणा कोकणीत, ठाकूर ठाकरीत, कातकरी कातकरीत. "जी सरकार" बंद. प्रमाण मराठीवाल्यांना दोन-चार शब्द कळणार नाहीत, चालेल. आपल्यालाही त्यांचे कळत नव्हते, आपण शिकलोच की. आणि हल्ली बरेच जण कॉम्प्युटरच्या आवाजात गोष्टी बनवतात. तो आवाज आपल्या आजीसारखा "नाय" म्हणू शकत नाही.

पाच. वाजवणाऱ्याला बिदागी. तारपा हा पार्श्वसंगीतासाठी फुकट मिळणारा आवाज नाही. वाळवंड्याच्या भिकल्या लाडक्या धिंडांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळतो आणि इथं आपण पाहुण्यांसमोर तारपावाल्याला चहावर नाचवतो, हे बंद करायला हवं. तारपा कधी वाजवायचा यालाही काळवेळ असते, ती विचारायची.

शेवटचा मुद्दा. कालप्रवास मागेच होतो असं नाही. कोणीतरी पुढून आपल्याकडेही येऊ शकतो. दमणगंगा-पिंजाळ जोड प्रकल्पात भूगड, खारगीहिल आणि पिंजाळ अशी धरणं कागदावर आहेत. पाणी मुंबईकडे न्यायचं आहे. वैतरणेचं पाणी आधीच तिकडे जातं आणि मोखाड्यात एप्रिलपासून हंड्यांच्या रांगा लागतात, हे नवीन सांगायला नको. ही धरणं होतील की नाही, कधी होतील, त्यावर वेगळी पोस्ट लिहीन. पण समजा पन्नास वर्षांनी एखादी मुलगी मागे आली, आपल्या काळात, आणि कोणत्या तरी पाड्यावर उभं राहून विचारलं की इथं कोण राहायचं, त्यांची नावं काय, ती माणसं काय म्हणत होती? तिला काय मिळेल? भूसंपादनाची यादी मिळेल. त्यात नावं असतील, गट नंबर असतील. ती माणसं काय म्हणत होती ते नसेल.

वारली प्रमुखाचं नाव सातशे वर्षांपूर्वी कोणी लिहिलं नाही, कारण लिहिणारे त्याच्या बाजूचे नव्हते. आज प्रत्येकाच्या खिशात रेकॉर्डर आहे. आज नाव गेलं तर दोष दुसऱ्या कोणाचा नसेल.

म्हणून पुतण्याला आणि त्याच्या दोन मित्रांना कामाला लावलंय. रोज रात्री जेवणानंतर आजीसमोर मोबाईल ठेवायचा आणि एकच प्रश्न विचारायचा. पहिल्या रात्री विचारलं, "तुझ्या आजीचं नाव काय होतं?" आजी बराच वेळ गप्प बसली. रेकॉर्डिंगमध्ये तेवढा वेळ नुसते रातकिडे आहेत. मग तिने नाव सांगितलं, आणि त्यानंतर पाऊण तास थांबली नाही.

जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू, तलासरी, कुठलेही असा. ज्यांना लिहिता येतं, बोली येते, मोबाईलवर आवाज जोडता येतो, जातं अजून घरात आहे, त्यांनी कॉमेंटमध्ये फक्त गावाचं नाव लिहा. पहिली बैठक दाभोशातच घेऊ, भात लावणी आटोपल्यावर. चहा माझ्याकडून. आणि आज घरी गेल्यावर तो एक प्रश्न विचारा. उत्तर इथं टाकायची गरज नाही, जपून ठेवा.